टेबलावरचा पंखा

लेकीच्या शाळेच्या सहलीबरोबर मी मिसिसिपीतल्या आमच्या गावातले जुने बंगले बघत होते. कापसाच्या एका जुन्या मळेवाल्याच्या बंगल्यात, त्या काळच्या घेरदार झग्यातल्या गाइड मिस अदीननी जेवणाच्या टेबलाच्या वर छताला टांगलेला, दोरीनं हलवायचा लाकडी पंखा दाखवला. "दोरी कोण ओढणार?" गोऱ्या मुलांमधून माझ्या रोझेलाचा काळा हात पहिला वर गेला. वर्गात तोंड न उघडणारी माझी लेक! "ये गं, सोनू," मिस अदीननी बोलावलं. पंखा हलला, टाळ्या पडल्या. ती इतकी खुलली होती की मला तिला थांबवावंसं वाटलं नाही. "पूर्वी कोण ओढायचं?" तिनं विचारलं. "नोकराची मुलगी. तुझ्याएवढीच असेल." "आणि हात दुखले की?" मिस अदीन हसल्या. "अगं, घरच्यासारखीच होती ती." रोझेला माझ्याकडे वळली. अजून वर्षभर तरी तिला हे सांगायचं नव्हतं. "नोकर नव्हे, बाळा," मी म्हणाले, "गुलाम. आपल्यातलीच." तिनं चटकन दोरी सोडली. पंखा थांबला, तशी मान खाली घालून ती मिस अदीनना म्हणाली, "सॉरी, मॅम."