परत येण्याचं कारण

पन्नाशीच्या ग्रंथपालबाईंना परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि व्हिसाच्या मुलाखतीची तालीम घरीच सुरू झाली. टाय बांधून, इस्त्रीच्या टेबलामागे नवरा अधिकारी होऊन बसायचा.

"शिक्षण संपल्यावर परत याल कशावरून?" त्याने आजही विचारलं.

बाई तोवर मनाने तिथल्या उंच खिडक्यांच्या वाचनालयात पोचल्या होत्या. बाहेर धुकं, आत पुस्तकांचा वास. "घरी नवरा आहे," त्या तिथूनच म्हणाल्या.

"तो सगळ्यांनाच असतो, बाई. हे कारण चालत नाही."

"हा जरा वेगळा आहे. मी जाऊ नये असं वाटतं त्याला, तरी रोज माझी तयारी करून घेतो."

साहेब बराच वेळ कोरे कागद चाळत राहिले.

"हे तिथे नको सांगूस," तो शेवटी म्हणाला. "फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, एवढंच सांग."