अर्धा कोयता

तलवाड्याजवळच्या रिसॉर्टची वेबसाइट करायचं काम शिवकन्याला मिळालं. मालक सुंदरराव म्हणाले, "डबल रूम, सिंगल रूम सगळेच लिहितात. असं नाव दे, की पुण्याच्या माणसानं वाचल्याबरोबर बुक केलं पाहिजे."

तिला घरातलाच शब्द आठवला; तिचे वडील, अण्णा, ऊसतोडीला जायचे. ऊसतोडीला निघालेल्या नवरा-बायकोच्या जोडीला मुकादम 'एक कोयता' म्हणतो आणि एकट्या माणसाला 'अर्धा कोयता'. तिनं खोल्यांना तीच नावं दिली, शेजारी उसाच्या फडाचा फोटो टाकला. महिनाभरात एकट्यानं फिरणाऱ्यांच्या खोल्या दिवाळीपर्यंत भरल्या. लोक दारावरच्या पाटीला टेकून फोटो काढायला लागले.

शिवकन्या गावी आली आणि तिनं हौसेनं मोबाइल थोरल्या बहिणीपुढं धरला. "ताई, बघ की! एकपण अर्धा कोयता शिल्लक न्हाई. लोकांना लई आवडलंय ते नाव."

सुरेखानं पदराला हात पुसून मोबाइल घेतला. तिनं ते नाव वाचलं.

"माय गेली त्या साली मुकादमानं अण्णाला माघारी लावलं व्हतं. म्हणला, अर्धा कोयता आपल्याला चालत न्हाई. तू तवा बालवाडीत व्हतीस."

"मंग?"



"मंग दुसरा अर्धा मी झाले. सातवी सोडून."