ओंजळभर पावडर

कोंबड्यांच्या खाद्यातली सोयापेंड कमी केली, तर सुनेचा फायदा उघड होता: खर्च उतरणार, न पचलेल्या प्रथिनांमुळे विष्ठेला सुटणारा, शेडमधला नाक जाळणारा वास जाणार आणि सासूबाईंचा खोकलाही. कमी झालेल्या प्रथिनांची भरपाई म्हणून दर गोणीत ओंजळभर अमिनो अ‍ॅसिडची पावडर मिसळायची होती. ते काम सासूबाईंनी हौसेनं मागून घेतलं. वास गेला, खोकला गेला; सून स्वतःवरच खूश.

मग एका सकाळी शेडचं दार उघडून ती जागीच थिजली. खाली पसरलेलं तूस रक्तानं भिजलेलं, आठ-दहा कोंबड्या मरून पडलेल्या.

"आई, मुंगूस शिरलं!"

"कुठून शिरेल? जाळी तर धड आहे."

सुनेनं जाळी पाहिली, मग सासूबाईंकडे. "पावडर घालताय ना?"

"एक चिमूटही नाही! आपली पोरं हीच कोंबडी खातात. त्यांच्या पोटात असली औषधं जाऊ देईन होय मी?"

सून कोंबड्यांकडे वळली. पेंड तिनं कापली होती, पावडर सासूबाईंनी. आणि दोघींची तूट कोंबड्या एकमेकींच्या पाठी टोचून भरून काढत होत्या.