जोडीची डिस्क

"हिच्यावरचं तिच्यावर जाईल ना?" मालनबाईनं दुसऱ्यांदा विचारलं.

"हो मावशी. दोन्हीवर सारखंच राहते. एक बिघडली तरी दुसरी चालते," निकेश म्हणाला. कॉम्प्युटरचा डबा उघडून तो जमिनीवर बसला होता.

अड्याळात कॉम्प्युटर बंद पडला की लोक आधी त्याला दोन थपडा मारतात आणि मग निकेशला बोलावतात. त्याच्याच दुकानात मालनबाईची खुशबू दोन वर्षं ऑनलाइन फॉर्म भरायची. चार महिन्यांपूर्वी ती गावाबाहेरच्या बोडीत बुडाली. पाय घसरला, असं सगळे म्हणाले. पोहणाऱ्या पोरीचा पाय घसरला तरी ती बुडते कशी, हे एकट्या मालनबाईला समजत नव्हतं. पण आईचं ऐकतो कोण? मयतीला सगळ्यात जास्त धावपळ निकेशनंच केली होती.

मागे राहिला हा कॉम्प्युटर. त्यात खुशबूचे फोटो, तिची गाणी, भीमजयंतीला तिनं केलेलं भाषण. एवढं तरी जाऊ नये, म्हणून मालनबाईनं दुसरी डिस्क आणवली होती.

"तिची डिस्क कोणती ते ध्यानात ठेवजो. निळा दोरा बांधला हाय मी."

"दिसून राहिला मावशी."

त्यानं आधी दोऱ्याची डिस्क उघडून पाहिली. फोटो होते. भाषण होतं. शेवटच्या फोल्डरपाशी तो बराच वेळ थांबला, मग चष्मा काढून पुसला. मालनबाईलाही भरून आलं.

"मावशी, हे कोणी पायलं काय?"

"कोण पायणार बाबू? मले तं माउसही धरता येत नाई."

निकेशनं कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. काळ्या पडद्यावर दोन डिस्कांची नावं आली. भरलेली कोणती आणि कोरी कोणती, एवढंच यंत्राला सांगायचं होतं. मग एकीवरचं सगळं दुसरीवर उतरतं. त्यानं निवड केली. आकडे चढू लागले. दहा टक्के. तीस. मालनबाई भिंतीला टेकून बघत राहिली. तिनं चहासुद्धा ठेवला नाही.

शंभर झाले तेव्हा दारातलं ऊन सरकलं होतं. निकेशनं जोडी उघडली. दोन्ही डिस्कांवर सारखंच होतं. काहीच नव्हतं.

"मावशी..." त्याचा आवाज फाटला. "उलटं झालं. कोरी डिस्क भरलेलीवर उतरली. माह्या हातून..." तो ढसाढसा रडू लागला. "माफ कर मावशी. बहिणीसारखी होती मले."

मेलेल्या पोरीची शेवटची आठवण आपल्या हातून पुसली गेल्यावर माणसानं कुठल्या तोंडानं बोलावं?

मालनबाई उठली. तिनं पाण्याचा गिलास त्याच्या हातात दिला आणि तो पिईपर्यंत थांबली.

"परवा तुह्याच दुकानातल्या कमलेशनं अशाच एका नकलेवर हेच काम केलं," ती म्हणाली. "एक फोटोही नाई गेला त्याच्या हातून."

निकेशनं मान वर केली.

"खरी डिस्क ठाण्यात हाय. खुशबूले आलेल्या धमक्या हायेत तिच्यात, निकेश. पाठवणाऱ्याचं नाव तेवढं नव्हतं."