मास्कखालची आई

भार्गवराव सुसंस्कृत गृहस्थ होते. घटस्फोटित पत्नीला मुलीच्या लग्नाला येऊ नकोस म्हणणे त्यांना असभ्य वाटले. त्यांनी तिच्यावर फक्त मास्क घातला, म्हणजे ज्या जागेवर असेल तिथले माणूस दृश्यातून पुसणारा एडिटिंगचा पडदा. मांडवातल्या साऱ्यांच्या डोळ्यांतल्या स्मार्ट लेन्समधून मालविकाबाई पुसल्या गेल्या.

"कीफ्रेम नीट लावल्यास ना? मास्क कधी कुठे असेल त्या खुणा?" त्यांनी एडिटर केयूरला विचारले.

"हो काका. पहिली दारात, दुसरी मागच्या खुर्चीवर, तिसरी अक्षता पडताच पंगतीत. मधल्या वाटेवर मास्क आपोआप सरकतो. पण काकू तशाच चालतील ना?"

"अक्षता पडल्यावर पानाकडे न धावणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही."

अक्षता पडल्या. मास्क पंगतीकडे निघाला. मालविकाबाई मात्र मुलीकडे पाहत जागीच बसून राहिल्या.

"आई!" बोहल्यावरून शर्वरी ओरडली. "तू आलीस? अगं, इतकी मागे का?"

भार्गवरावांना ते ऐकू आले नाही. मंत्र्यांच्या शेजारचे पान गाठण्याच्या घाईत ते नेमके मास्कच्या वाटेत शिरले होते आणि आता शेवटच्या कीफ्रेमवर, हात जोडून, साऱ्यांना जिलबीचा आग्रह करीत होते. आग्रह करणारा दिसत नाही म्हणून एकाचाही घास अडला नाही.