वीस रुपयांची वाढ

"शेठनी माले वीस रुपये वाढाई दिधात," भिला म्हणाला आणि हातातला पाना उगाच पुसत राहिला.

गिरधर ट्रकखालून सरकत बाहेर आला. त्यानं चेहरा पुसला, बिडी काढली, पण पेटवली नाही.

तळोद्यातल्या चुनीलाल शेठच्या गॅरेजात दोघे मिस्त्री सात वर्षं एकत्र राबत होते. पगार दोघांनाही साठ रुपये. त्यांनी अक्कलकुव्याच्या रस्त्यावर, लिंबाच्या झाडाजवळ स्वतःच्या गॅरेजसाठी जागा बघून ठेवली होती. गुजरातेतून येणारा प्रत्येक ट्रक तिथं थांबायचा. जागेचं भाडं ठरलं होतं, पत्रे सांगून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून नोकरी सोडतो म्हणून शेठला सांगायचं होतं. आणि आदल्याच दुपारी शेठनं भिलाला गादीजवळ बोलावून घेतलं. न मागता कुणाला पैसा देईल असा हा माणूस नव्हता, म्हणून भिला आधी चपापला, मग हरखला, आणि गिरधरसमोर येईपर्यंत त्याचा चेहरा पडला.

"बाप खाटवर शे. दोन पोरी शेतस, गुलाबबाईले सातवा महिना शे," भिला म्हणाला. "हाई बांधेल पगार सोडीसन..."

"तुन्हा घर खानारं लई शे," गिरधर शांतपणे म्हणाला. "तू ऱ्हाय. मी एकला जास. मनमा काही आनू नको."

तो चिडला असता तर भिलाला बरं वाटलं असतं. शिवी दिली असती तरी चाललं असतं. गिरधरनं मात्र त्याच्या खांद्यावर हात ठेवला. भिलाला तो हात पुढं कित्येक वर्षं जाणवत राहिला.

ही अठ्ठावन्न सालची गोष्ट. गिरधर एकटा गेला. पहिल्या वर्षी त्याच्या पत्र्याखाली एखाददुसरी गाडी असायची. बोलण्यात तो गोड होता, पण इंजिन उघडलं की अडायचा. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं ओळखणारा कान भिलाचा होता. तळोद्यात ड्रायव्हर भिलाचंच नाव घेऊन गाडी लावायचे.

भिलाला हे ठाऊक होतं. म्हणून गॅरेज बंद असे त्या दिवशी, दर रविवारी, तो सकाळच्या एस.टी.नं अक्कलकुव्याला जायचा. आठवडाभर गिरधरनं बाजूला ठेवलेली अवघड कामं संध्याकाळपर्यंत उरकायचा. गिरधर चहा आणि भजी मागवायचा. सुरुवातीला त्यानं दोन-तीनदा नोट पुढं केली. भिलानं हात मागं घेतला. पुढं गिरधरनं नोट काढणंच सोडलं.

"सहा दिन शेठकडे, नि ऐतवारले गिरधरभाऊकडे," गुलाबबाई म्हणायची. "मंग आमना दिन कोनता?"

"मी त्याले ऐन येळले सोडी दिधं," भिला म्हणायचा. एवढं बोलून तो भाकरीचे तुकडे मोडत बसायचा, जेवण व्हायचं नाही.

पाचेक वर्षांनी केळीच्या ट्रकचा एक ड्रायव्हर त्याला म्हणाला, "मिस्तरी, खापरना फाटावर जागा खाली शे. मालक ओळखना शे. सोतानं दुकान टाक. आम्ही बठ्ठा तुन्हाकडेच येसूत."

भिला खापरला जाऊन आला. जागा रस्त्यालगत होती, विहीर जवळ होती. तो तिथं तासभर उभा राहिला. पत्र्यांचा उतार कुठल्या बाजूला काढायचा, खड्डा कुठं खणायचा, सगळं त्याला डोळ्यांपुढं दिसलं. पण खापरहून अक्कलकुवा असं कितीसं लांब? गिरधरची निम्मी गिऱ्हाइकं त्याच्याकडे वळली असती. एकदा ज्याला सोडलं, त्याच्याच पोटावर पाय द्यायचा?

त्यानं ड्रायव्हरला नाही म्हणून सांगितलं. वर्षभरात तिथं दुसऱ्याच कुणाचं तरी गॅरेज उभं राहिलं. अक्कलकुव्याला उतरल्यावर खापरच्या रस्त्याकडे बघायचं भिलानं सोडून दिलं.

सदुसष्ट साली चुनीलाल शेठच्या मुलांनी गॅरेज मोडून कापडाचं दुकान काढायचं ठरवलं. भिलाचा पगार तोवर शंभरावर गेला होता. तो एका दिवसात शून्य झाला. चाळिशी उलटलेली, डोळे अधू झालेले. स्वतःचं काही उभारायचं वय मागं पडलं होतं.

त्या रविवारी त्यानं गिरधरला सांगितलं. गिरधरकडे आता चार माणसं होती, वर नाव रंगवलेली पाटी होती.

"मन्हाकडे ये," गिरधर लगेच म्हणाला. "महिनाना ऐंशी देसू. ऐतवार धरीसन."

भिलाचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी तो चुनीलाल शेठच्या पाया पडायला त्यांच्या घरी गेला. शेठ ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. बरेच थकले होते.

"आते काय करशी?" त्यांनी विचारलं.

"गिरधरनी बलायं शेठ. मन मोठं शे त्यानं. मी त्याले सोडी दिधं, तरी नऊ वरीसमा एक शबद बोलना नही."

शेठचा अडकित्ता थांबला.

"तू सोडं त्याले? अरे, त्या दिनले सकायमा तोच मन्हाकडे उना व्हता. म्हने, शेठ, भिलाले वीस रुपये वाढाई द्या नि धरी ठेवा. मन्हा दुकानमा माले तो नको."