किल्लीमावशीचं काम

“सात किलो दोनशे,” वजनकाट्याला लटकलेल्या बॅगेकडे बघत भाची म्हणाली. “मांडव मावला, मावशी.”

मावशीने चष्म्यावरून त्या बॅगेकडे पाहिलं. बॅगेत मावणारा मांडव तिने आजवर पाहिला नव्हता आणि पाहायची हौसही नव्हती. जेवणाच्या टेबलावर कागदी फुलांचा ढीग होता, डिंकाची वाटी होती, आणि खिडकीशी शिवणयंत्रावर बसून खुद्द नवरामुलगा झालर शिवत होता. ती पण वाकडी. मावशीने कपाळाला हात लावला.

भाचीचं लग्न परदेशात होतं. समुद्राकाठचं एक भाड्याचं घर, त्याचं अंगण आणि अठ्ठावीस माणसं. कंत्राटदार नाही, आचारी नाही, वाढपी नाही. फुलं घरी कापायची, जेवण मित्रांनी रांधायचं, खुर्च्या ज्याच्या त्याने मांडायच्या. आणि हे सगळं सामान पाहुण्यांच्या बॅगांत वाटून न्यायचं. कुणाच्या वाट्याला दिवे, कुणाच्या वाट्याला पडदे.

“म्हणजे पाहुणे नाहीत, हमाल चाललेत,” मावशी म्हणाली. “लग्न आहे की शाळेचं गॅदरिंग?”

हे बोलायचा तिला अधिकार होता. पस्तीस वर्षांत घरातली, नात्यातली सत्तावीस लग्नं तिने पार पाडली होती. प्रत्येक लग्नात सामानाच्या खोलीची किल्ली तिच्या कमरेला असायची. तिच्या परवानगीशिवाय साखरेचा दाणा हलत नसे. भल्याभल्या आचाऱ्यांना तिने रडकुंडीला आणलं होतं. सगळे तिला किल्लीमावशीच म्हणत. तिचं स्वतःचं लग्न तेवढं राहून गेलं होतं, आणि त्याबद्दल विचारायची कुणाची छाती नव्हती.

या दीडशहाण्यांनी मात्र तिला एका शब्दाने काही विचारलं नव्हतं. ते तिला झोंबलं होतं. आपल्यावाचून लग्न अडत नाही, हे तिला घरच्या घरी, बहिणीच्या टेबलावर, डिंकाच्या वासात बघावं लागत होतं. म्हणून तिने स्वतःच्या व्हिसाचा अर्ज महिनाभर अडवून धरला होता. आज तो भरायचा शेवटचा दिवस होता.

“प्रवासाचं कारण काय लिहू?” भाचीने लॅपटॉप पुढे ओढला.

“हमाली लिही.”

“मावशी.”

“मी येतेय कुठे? आधी सांग, तिथे किल्ली कुणाकडे राहणार?”

“कसली किल्ली?”

“सामानाच्या खोलीची.”

“अशी खोलीच नाहीये तिथे. सगळं अंगणातच.”

मावशी फिस्सकन हसली. सामानाच्या खोलीशिवाय लग्न. यांना लग्न म्हणजे सहल वाटली की काय? भिंतीवर कामांची यादी चिकटवली होती. त्यातल्या चुका काढाव्यात म्हणून ती उठून तिथे गेली. काका, खुर्च्या. नवऱ्याची आई, दिवे. नवऱ्याचे वडील, गाणी. यादीत सगळ्यांत शेवटी तिचं नाव होतं. त्यापुढे लिहिलं होतं: पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर बसणे.

“बसणे?” तिचा आवाज चढला. “मी काय फुलदाणी आहे? सत्तावीस लग्नं उभी केली मी, आणि मला बसवून ठेवताय? अगं, तुझ्या आईच्या लग्नात मी नसते तर शोभा झाली असती. अकरा चमचे कमी भरले होते. अकराच्या अकरा मी शोधून काढले.”

ही चमच्यांची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. भाचीने ती लहानपणापासून ऐकली होती. आज तिने पहिल्यांदाच मध्ये प्रश्न विचारला.

“कधी सापडले चमचे?”

“ऐन लग्न लागताना. बाहेर टाळ्या वाजल्या तेव्हा अकरावा चमचा माझ्या हातात होता.” मावशीने अजूनही तो हातात असल्यासारखी मूठ वर केली.

“मग सांग ना. लग्न लागताना आई हसत होती की रडत होती?”

मावशीने तोंड उघडलं. साखर किती उरली होती ते तिला आठवत होतं. दूध कुणी नासवलं तेही आठवत होतं. बहिणीचा चेहरा काही केल्या आठवेना. तिने दुसरं एक लग्न आठवून पाहिलं, मग तिसरं, मग चौथं. सगळीकडे पोती, डबे, आतून लावलेली कडी आणि भिंतीपलीकडच्या टाळ्या.

तिने बहिणीकडे पाहिलं. बहीण चहाचे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

“मी त्या खोलीच्या दाराकडे बघत होते, ताई,” बहीण म्हणाली. “तू आता येशील, मग येशील म्हणून.”

शिवणयंत्र थांबलं. मावशी परत खुर्चीत येऊन बसली. डिंकाची वाटी तिने उगाचच इकडची तिकडे केली. एक कागदी फूल उचलून उलटंपालटं करून पाहिलं.

“पाकळ्या वाकड्या कापल्यात,” ती म्हणाली. तिने ते फूल जपून ढिगावर ठेवलं आणि लॅपटॉपकडे बोट केलं.

“लिही.”

“काय लिहू?”

“लग्न बघायला,” किल्लीमावशी म्हणाली. “आणि पुढे लिही, पहिल्यांदाच.”